‘जरा पडतो’ म्हणजे झोपतो नव्हे!

मित्रमैत्रिणींनो, आधी एक कबुली देऊन टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठीचा तास असायचा, पण त्या तासाला आम्ही बहुतेक वेळा गणिताचा होमवर्क उरकायचो. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्या तर मोठ्या मनाने पोटात घाला. विषय मात्र असा निवडलाय की त्यात नापास होणार नाही. झोप! ‘तुला दुसरं कळतं काय?’ असं रूममेट म्हणाली. टोमणा होता, पण विषय पटला.

आपल्या हॉस्टेलमध्ये सबमिशनच्या आठवड्यातला सकाळचा संवाद ठरलेला असतो.

‘‘काल किती झोपलीस?’’

‘‘तीन तास.’’

‘‘बस? मी दोन!’’

आणि तिसरी कोणीतरी लाल डोळ्यांनी येऊन म्हणते, ‘‘मी तर नाइट मारली.’’ मग सगळ्या तिच्याकडे आदराने बघतात. कमी झोपणं म्हणजे जणू मेडल! जी रात्री साडेदहाला पांघरूण घेते ती ‘आजी’. मीही या स्पर्धेत उत्साहाने उतरलेली होते. गेल्या वर्षीच्या जुलैपर्यंत.

आमचं घर डोंबिवलीला. वन रूम किचन, माणसं पाच. बाबांना शिफ्ट ड्यूटी. सेकंड शिफ्ट असली की रात्री उशिराच्या लोकलने डोंबिवलीला उतरायचं, पार्किंगमधून स्कूटर काढायची आणि घरी यायचं. जुलैतल्या त्या रात्री साडेबाराच्या सुमारास, घर दोन गल्ल्यांवर असताना, स्कूटर सरळ डिव्हायडरवर गेली. पाऊस थांबलेला होता. समोर गाडी नव्हती, आडवं कुत्रंही आलं नव्हतं. उजवा हात फ्रॅक्चर झाला. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ‘‘नक्की झालं काय?’’ बाबा म्हणाले, ‘‘वळण आलं एवढं आठवतंय. त्यानंतर एकदम रस्त्यावरच होतो.’’

आई हळूच म्हणाली, ‘‘डोळा लागला असणार.’’

त्यावर बाबा चिडले. ‘‘डोळा कसा लागेल? दुपारी चांगला दोन तास पडलो होतो की!’’

पडलो होतो. आपल्या मराठीत ‘पडणे’ हा किती सोयीचा शब्द आहे! ‘जरा पडतो’ म्हणजे माणूस आडवा होतो एवढंच नक्की. झोपतो की नाही, ते त्याचं त्यालाही माहीत नसतं. बाबा त्या दुपारी आडवे होते हे खरं. पण आजीची सिरियल चालू होती, दोनदा बेल वाजली होती, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, आणि पत्रे तापलेले. पडणं आणि झोपणं यात फरक किती, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला. प्लास्टर निघेपर्यंत मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. त्यातलं जे मला कळलं ते तुम्हाला सांगते.

चेन्नईचा हिशोब

या प्रश्नाचं सगळ्यात सरळ उत्तर मला चेन्नईत सापडलं. तिथे काही अर्थशास्त्रज्ञांनी एक मोठा प्रयोग केला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी शहरातल्या कमी उत्पन्नाच्या ४५२ प्रौढ माणसांना महिनाभर डेटा एन्ट्रीचं काम दिलं आणि त्यांच्या मनगटावर घड्याळासारखं एक यंत्र बांधलं. त्याला ॲक्टिग्राफ म्हणतात. आत असतो आपला ओळखीचा ॲक्सेलरोमीटर. हात किती हलतो यावरून माणूस झोपला आहे की नुसता पडला आहे, याचा अंदाज ते यंत्र बांधतं.

निकाल काय लागला? ही माणसं रात्री सरासरी ८ तास बिछान्यात असायची. आठ तास! आपल्याला हेवा वाटावा. पण प्रत्यक्ष झोप होती सरासरी साडेपाच तास. रात्रीतून तीसेक वेळा झोप मोडत होती. सकाळी त्यातलं फारसं काही आठवत नाही, कारण ती जाग काही क्षणांचीच असते.

आता आपण इंजिनिअर आहोत, तर भागाकार करूया. एफिशियन्सी म्हणजे आउटपुट भागिले इनपुट. ५.५ भागिले ८, म्हणजे सुमारे ६९ टक्के. गंमत म्हणजे झोपेच्या शास्त्रातही या आकड्याला ‘स्लीप एफिशियन्सी’ असंच म्हणतात. निरोगी माणसाची ती साधारण ८५ टक्के किंवा त्याहून जास्त असावी अशी अपेक्षा असते. चेन्नईतल्या या साध्या, कामावर जाणाऱ्या माणसांची झोप झोपेचे विकार असलेल्या पेशंटइतकी तुटक निघाली.

कारणं ऐकलीत तर आपलंच घर आठवेल. उकाडा, डास, गाड्यांचा आवाज, रस्त्यावरचा दिवा, दाटीवाटी, अंथरूण कडक, आणि डोक्यात उद्याच्या पैशांची काळजी.

किती झोप हवी याबद्दल शास्त्रज्ञांचं बऱ्यापैकी एकमत आहे. २०१५ साली अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या दोन संस्थांनी मिळून सांगितलं की प्रौढ माणसाने रोज किमान ७ तास झोपावं. सात तास झोप हवी, नुसतं सात तास पडून राहणं नव्हे. ६९ टक्के एफिशियन्सीने सात तास झोप मिळवायची तर बिछान्यात दहा तासांहून जास्त राहावं लागेल. पहाटेची लोकल असलेला माणूस ते कुठून आणणार?

कपॅसिटर आणि साइन वेव्ह

झोप येते कशी? हे समजून घेताना मला माझ्या ब्रँचचा पहिल्यांदा उपयोग झाला. १९८२ साली झुरिचचे अलेक्झांडर बोर्बेली यांनी एक मॉडेल मांडलं, ते आजही शिकवतात. त्यात दोनच प्रोसेस आहेत.

पहिली प्रोसेस कपॅसिटरसारखी. तुम्ही जागे झालात की चार्जिंग सुरू. जितका वेळ जागे, तितका झोपेचा दाब वाढत जातो. झोपलात की तो डिस्चार्ज होतो, आधी भरभर आणि मग हळूहळू. अगदी आरसी सर्किटचा कर्व्ह! हा दाब वाढण्यात ॲडिनोसिन नावाच्या रसायनाचा मोठा हात आहे. मेंदू काम करत राहतो तसतसं ते साठत जातं.

दुसरी प्रोसेस साइन वेव्हसारखी. साधारण २४ तासांचं एक घड्याळ मेंदूत चालू असतं आणि ते ठरावीक वेळी जागं राहायला ढकलतं, ठरावीक वेळी झोपायला. या घड्याळाचा पेशीतला कारभार कसा चालतो ते शोधून काढल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ उजेडावर लावलं जातं. डोळ्यात काही खास पेशी असतात. त्या आपल्याला चित्र दाखवण्यापेक्षा ‘आता दिवस आहे’ एवढी बातमी मेंदूला पोचवायचं काम करतात, आणि निळसर प्रकाशाला त्या जास्त दाद देतात. ट्यूबलाइट, एलईडी, मोबाइलचा स्क्रीन या सगळ्यात तो निळसर प्रकाश भरपूर असतो. रात्री एक वाजता तोंडापासून वीतभर अंतरावर मोबाइल धरून आपण मेंदूला सांगत असतो की अजून दुपार आहे बरं का!

चांगली झोप कधी लागते? कपॅसिटर भरलेला असतो आणि घड्याळाची लाट उतरलेली असते तेव्हा. म्हणूनच नाइट मारल्यावर पहाटे चारला जीव जातो, पण सकाळी नऊला जरा तरतरीत वाटतं. ‘बघ, मी फ्रेश झाले!’ असं आपण सांगतो. फ्रेश काही झालेलं नसतं. दाब तसाच असतो, फक्त घड्याळाची लाट वर आलेली असते. दुपारी अडीचच्या लेक्चरला खरी परीक्षा होते!

आणि चहा? कॅफिन काही ॲडिनोसिन कमी करत नाही. ते फक्त ॲडिनोसिनची बसायची खुर्ची अडवून ठेवतं. म्हणजे पेट्रोलचा काटा खाली आला तर टाकी भरायची सोडून काट्यावर कागद चिकटवल्यासारखं. शिवाय घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. रात्री आठला टपरीवर दोन कटिंग घेतले, तर एक वाजता एका कटिंगइतकं कॅफिन अंगात शिल्लक!

शहर झोप मोडतं कसं

रात्रीची झोप एकसारखी नसते. साधारण दीड तासाची एक सायकल, अशा चार ते सहा सायकली. पहिल्या सायकलींत गाढ झोप जास्त, शरीराच्या दुरुस्तीची. शेवटच्या सायकलींत स्वप्नांची झोप जास्त. ही स्वप्नांची झोप, जिच्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात, शिकागोमध्ये असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली नोंदवली. आपण पहाटेचे दोन तास कापतो तेव्हा सगळ्याच प्रकारची झोप सारखी कापली जात नाही. स्वप्नांच्या झोपेचा मोठा वाटा जातो. आणि शिकलेलं डोक्यात पक्कं बसायला दोन्ही प्रकारची झोप उपयोगी पडते. म्हणजे ओरलच्या आदल्या रात्री जागून आपण जे वाचतो, ते पक्कं करणारं मशीनच आपण बंद ठेवतो!

आता यात शहर काय करतं ते बघा.

उकाडा : झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. खोलीच तापलेली असेल तर ते उतरणार कसं? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६८ देशांतल्या लोकांच्या मनगटी पट्ट्यांवरून झोप मोजली. रात्रीचं तापमान ३० अंशांवर गेलं की झोप सरासरी १४ मिनिटांनी कमी होते असं दिसलं. शहरातलं सिमेंट दिवसभर उष्णता पिऊन घेतं आणि रात्रभर सोडत बसतं.

आवाज : आपल्या देशात २००० सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा. ४५ म्हणजे किती? आपण दोघी शेजारी बसून साधं बोलतो तोच आवाज ६० च्या आसपास जातो. रस्त्यालगतच्या खोलीत ४५ चा आकडा कसा सापडेल ते तुम्हीच सांगा. ‘मला सवय झाली आहे, ट्रेन गेली तरी जाग येत नाही,’ असं आमच्या डोंबिवलीत पुष्कळ जण अभिमानाने सांगतात. माणूस जागा होत नाही हे खरं, पण आवाजाने गाढ झोप उथळ होते, हृदयाचे ठोके वाढतात. शरीर ऐकत असतं, फक्त आपल्याला रिपोर्ट करत नाही.

वेळ : पुष्कळ वस्त्यांत पाणी पहाटे येतं. मग घरातली बाई साडेचारला उठते, भांडी भरते, डबे करते. तिच्यामागोमाग त्या एकाच खोलीतल्या सगळ्यांची झोप मोडते. रात्री उशिरा येणारा एक आणि पहाटे उठणारी दुसरी असं घरात असलं की दोघांचीही झोप अर्धी अर्धी.

‘मला सहा तास पुरतात’

हे वाक्य आमचे बाबाही म्हणायचे. इथे मला वाचनातला सगळ्यात भीतिदायक प्रयोग सांगायचाय. २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या व्हॅन डोंगेन, डिंजेस वगैरे संशोधकांनी ४८ निरोगी माणसांवर तो केला. काहींना रात्री ८ तास बिछान्यात राहू दिलं, काहींना ६, काहींना ४. असं सलग १४ दिवस. रोज एक सोपी टेस्ट घ्यायची. स्क्रीनवर आकडा दिसला की बटण दाबायचं, बस्स.

आठ तासवाले ठीक राहिले. सहा तासवाल्यांची चूक रोज थोडी थोडी वाढत गेली आणि दोन आठवड्यांच्या शेवटी त्यांची अवस्था रात्रभर अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली. काही टेस्टमध्ये तर सलग दोन रात्री जागल्यासारखी. पण खरी गोष्ट पुढे आहे. ‘झोप किती येतेय?’ असं विचारलं की ही माणसं पहिले काही दिवस ‘येतेय’ म्हणायची. नंतर त्यांचं उत्तर फारसं बदललं नाही. त्यांना वाटत होतं की आता जमलं. बटणावरचं बोट मात्र रोज आणखी उशिरा पडत होतं.

म्हणजे झोप कमी पडते तेव्हा पहिली बिघडते ती झोप मोजणारी आपली पट्टीच! मीटरच खराब असेल तर रीडिंगवर विश्वास कसा ठेवायचा? त्यामुळे ‘मला पुरते’ हे आपलं मत म्हणजे पुरावा नव्हे. सुट्टीच्या दिवशी अलार्मशिवाय तुम्ही रोजच्यापेक्षा दोन-तीन तास जास्त झोपत असाल, किंवा लेक्चर सुरू होऊन पाच मिनिटांत मान पडत असेल, तर पुरत नाही. विषय संपला.

आता बाबांच्या रात्रीकडे येते. त्या दिवशी ते पहाटे पाचला उठले होते, पाण्यासाठी. स्कूटर डिव्हायडरवर गेली रात्री साडेबाराला. म्हणजे साडेएकोणीस तास. दुपारचं ‘पडणं’ जमेत धरलं तरी झोप अशी झालीच नव्हती. २००० साली ऑस्ट्रेलियातल्या विल्यमसन आणि फेयर यांनी दाखवून दिलं की सलग १७ ते १९ तास जागं राहिल्यावर माणसाची टेस्टमधली कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहून वाईट होते. आपल्याकडे गाडी चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, ही कायद्याची मर्यादा आहे. माझ्या बाबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. तरीही त्या रात्री ते कायद्याच्या मर्यादेपलीकडच्या माणसासारखे गाडी चालवत होते, आणि ते तपासणारं कुठलंही यंत्र पोलिसांकडे नाही.

एक छोटं गणित. स्कूटर ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. थकलेल्या माणसाचा मेंदू दोन-चार सेकंदांसाठी चक्क बंद पडू शकतो, कधी कधी डोळे उघडे असतानाही. त्याला मायक्रोस्लीप म्हणतात. तीन सेकंद धरले तर ३३ मीटर गाडी कोणीच चालवत नव्हतं. एवढ्या अंतरात डिव्हायडर आला. ट्रक आला असता तर हा लेख मी लिहिला नसता.

गादी, पंखा आणि वामकुक्षी

चेन्नईचा प्रयोग मी अर्धाच सांगितला. झोप मोजून झाल्यावर संशोधकांनी काही जणांची झोप वाढवायचं ठरवलं. त्यांना माहिती दिली, प्रोत्साहन दिलं, गादी, उशी, पंखा, डोळ्यांवरची पट्टी, कानात घालायचे बोळे असल्या वस्तू दिल्या. तीन आठवडे हे चाललं. झोप वाढली, रात्रीला सरासरी २७ मिनिटांनी. आता त्यांचं काम सुधारेल, मूड सुधारेल, असा जाणकारांचा अंदाज होता. प्रत्यक्षात कामात, मूडमध्ये, बुद्धीच्या टेस्टमध्ये मोजण्यासारखा फरक पडलाच नाही!

मी हे वाचलं तेव्हा निराश झाले. मग पुढचं वाचलं. वाढलेली झोप आली होती ती जास्त वेळ बिछान्यात राहिल्यामुळे. झोपेचा तुटकपणा तसाच होता. तुटकी झोप आणखी अर्धा तास दिली, तरी ती तुटकीच. संशोधकांनीही हीच शंका बोलून दाखवली आहे की इतक्या तुटक झोपेत नुसती मिनिटं वाढवून कदाचित भागत नसावं.

दुसऱ्या काही जणांना मात्र त्यांनी ऑफिसमध्येच, शांत जागेत, दुपारी अर्धा तास डुलकी काढू दिली. इथे फरक दिसला. काम वेगाने व्हायला लागलं, मन बरं वाटायला लागलं, लक्ष टिकायला लागलं. डुलकीच्या वेळेपुरता कामाचा वेळ अर्थातच कमी झाला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे मांडलंय.

म्हणजे शेवटी काय? वामकुक्षी! जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर घटकाभर लवंडायची आपल्या आजोबा-पणजोबांची पद्धत. पुण्याच्या दुकानांच्या ‘१ ते ४’ वर आपण इतके विनोद केले, पण हसता हसता शास्त्रज्ञ त्याच पाटीपाशी येऊन उभे राहिले. फक्त वामकुक्षी वीस मिनिटांची असावी, फार तर अर्ध्या तासाची, आणि दुपारी तीनच्या आत. आपल्यातले काही दोन तासांची ‘वामकुक्षी’ घेऊन सहाला सुजलेल्या तोंडाने उठतात, त्यात कपॅसिटर डिस्चार्ज होऊन जातो आणि रात्री दोनपर्यंत झोप येत नाही.

तीच गोष्ट रविवारी बारापर्यंत लोळण्याची. थोडी भरपाई होते, नाही असं नाही. पण घड्याळ थोडं पुढे सरकतं आणि सोमवारी सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला आपण जणू परदेशातून विमानाने उतरल्यासारखे बसलेले असतो. याला ‘सोशल जेटलॅग’ असं छान नाव आहे. उठायची वेळ रोज जवळपास एकच ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

आणि एक महत्त्वाचं. ‘किती गाढ झोपलाय बघ, घोरतोय!’ असं आपल्याकडे म्हणतात. हे नेहमी खरं नसतं. मोठ्याने घोरताना मध्येच श्वास अडकत असेल आणि दिवसभर पेंग येत असेल, तर ते स्लीप ॲप्निया असू शकतं. त्याला गादी-उशीचा उपयोग नाही, डॉक्टरांकडेच जायला हवं. स्टाफमधल्या काका-मावशींनी हे विशेष लक्षात घ्या, प्लीज.

आता आपलं हॉस्टेल

प्लास्टर निघाल्यावर घरी आम्ही तीन गोष्टी केल्या. बाबांची सेकंड शिफ्ट असली की दुपारी दीड तास टीव्ही बंद (आजीने सिरियलचा रिपीट रात्री पाहायचं कबूल केलं, हा तिचा मोठेपणा). बेलचं बटण त्या वेळात बंद. आणि रात्री स्टेशनवरून स्कूटर नाही, शेअर रिक्षा. पैसे जास्त जातात. आईने एकदाच हिशोब केला आणि म्हणाली, ‘‘ऑपरेशनपेक्षा स्वस्त आहे.’’

मग मी हॉस्टेलला परत आले आणि मला पहिल्यांदाच काही गोष्टी दिसल्या.

गेटवरचे वॉचमन मामा रात्री आठ ते सकाळी आठ उभे असतात. सायकल स्टँडच्या मागच्या खोलीत ते दिवसा झोपतात. ‘झोपतात’ म्हणजे पडतात! कारण त्या खोलीच्या भिंतीला लागून आपण गाड्या रेझ करतो, हॉर्न वाजवतो, एकमेकींना वरच्या मजल्यावर हाका मारतो. त्यांच्या साइन वेव्हच्या उलट त्यांनी झोपायचं, आणि वर आपला गोंगाट. रात्री त्यांची मान खाली गेली की आपणच हसून फोटो काढतो. मीही काढलाय. तो डिलीट केला.

मेसच्या मावशी पहाटे साडेचारला उठतात, आपल्या पोह्यांसाठी. त्यांची खोली जिन्याखाली. आपले वाढदिवस रात्री बाराला, त्याच जिन्यात.

आणि आपण स्वतः. कॉरिडॉरची ट्यूब रात्रभर खिडकीतून आत येते. तिच्यावर जर्नलचा पुठ्ठा लावला, खर्च शून्य. अंधार झाला, आणि मला पहिल्याच आठवड्यात फरक वाटला (माझ्या मीटरचं रीडिंग आहे, विश्वास जपून ठेवा).

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत. मागण्या म्हणजे विनंत्या.

मैत्रिणींनो, रात्री अकरानंतर जिन्यात आणि कॉरिडॉरमध्ये आवाज नको. केक रूममध्ये कापूया. सायकल स्टँडपाशी सकाळी आठ ते दुपारी तीन गाडी ढकलत न्यायची, चालू करायची गेटबाहेर. वीस पावलंच आहेत.

रेक्टर मॅडम, कॉरिडॉरमधली एकाआड एक ट्यूब रात्री बंद ठेवता येईल का? विजेचं बिलही कमी येईल.

आणि माननीय सर व मॅडम, तुम्हाला हात जोडून एकच विनंती. ऑनलाइन असाइनमेंटची वेळ रात्री ११.५९ असते. ती संध्याकाळी ६ करा ना! आम्ही शेवटच्या क्षणाचीच मुलं आहोत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. शेवटचा क्षण संध्याकाळी ठेवलात तर आमची धावपळ उजेडात होईल आणि अख्खी विंग रात्री झोपेल. तुमच्याही फोनवर रात्री बाराला ‘सर, सबमिट होत नाहीये’ असे मेसेज येणार नाहीत.

बाबांचा हात आता बरा आहे. बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. परवा फोनवर त्यांना विचारलं, ‘‘दुपारी पडला होतात का?’’ ते म्हणाले, ‘‘नाही गं, झोपलो होतो.’’

एवढाच फरक, पण तो आपल्यालाही कळो. लेख लांबला. मी हे रात्री सव्वादहाला संपवतेय, म्हणजे अजून ‘आजी’च्या वेळेत आहे. शुभ रात्री!